शिमग्यापर्यंत थांबलात, हीच अडचण

हर्णैच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या तोंडावर त्यांनी मुंबईतल्या एका दुकानातून जुना, ‘आयपी ६८, वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेला दणकट फोन साडेनऊ हजारांना कुरियरने मागवला. पहिल्याच पंधरवड्यात होडीवर लाटेचं पाणी अंगावर आलं आणि फोन बंद पडला. दुकानदार ‘बघू, करू’ म्हणत राहिला. शिमगा उलटल्यावर त्याने बिलावरची ओळ पुढे केली: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आता पैसे मिळतील का?

अशी पत्रं देवगड-मालवणकडूनही येतात आणि प्रत्येकाचं बोट त्या छापील ओळीवरच असतं. ती ओळ सोडा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर कायदा ३० दिवस धरतो.

तुमचं घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. मालविक्री कायदा, १९३०चं कलम ४२ म्हणतं की माल जवळ ठेवून वाजवी मुदतीत ‘हा मला नको’ असं कळवलं नाही, तर तो तुम्ही स्वीकारला. आणि एकदा स्वीकारला की कलम १३प्रमाणे माल परत करून पूर्ण किंमत मागायचा हक्क सहसा उरत नाही, नुकसानभरपाईच मागावी लागते. तोंडी कळवलेलंही चालतं हो, पण सिद्ध कशाने करणार? कॉल लॉगवरून फोन केल्याचं कळतं, काय बोललात ते नाही. ऑगस्टमध्येच दोन ओळींचा मेसेज टाकला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्याऐवजी तुम्ही फोन तांदळाच्या डब्यात ठेवलात आणि मग बाजारातल्या कारागिराकडून उघडून घेतलात. आता दुकानदार म्हणणार, सील तुम्हीच तोडलंत.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, आणि ती तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. घेण्याआधी तुम्ही व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, ‘होडीवर खाऱ्या पाण्यात चालेल ना?’ उत्तर आलं, ‘बिनधास्त.’ आयपी ६८ची चाचणी गोड्या पाण्यात होते, तीही नव्या फोनची; स्क्रीन किंवा मागचं झाकण एकदा काढलं की त्या आकड्यावर विसंबता येत नाही. दुकानदाराचा बचाव याच मुद्द्यावर असेल. पण गरज सांगून, त्याच्या माहितीवर विसंबून माल घेतला तर तो त्या कामाला योग्य असला पाहिजे, हे मालविक्री कायद्याचंच कलम १६ सांगतं. म्हणून तो ‘बिनधास्त’ जपा. ज्यावरून हे विचारलंत तो आधीचा हँडसेट मेहुण्याला दिलाय म्हणता, तो आजच परत आणा आणि त्यातलं काही पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र त्यावरूनच करावं लागेल.

मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथे, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने. ‘होडीच्या धंद्यासाठी घेतला, म्हणजे ग्राहक नाही’ असा आक्षेप येईल. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला कायद्याने या आक्षेपातून वगळलंय, मात्र तुमच्या किती होड्या आहेत ते पत्रात नाही, त्यावर बरंच ठरेल. रक्कम किती मिळेल हे मी सांगणार नाही. तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात लिहिलंय. आयोगाच्या तारखा पाहिलेला माणूस त्यावर कॅलेंडर लावत नाही.

आणि बदली फोन पुन्हा जुनाच घेणार असाल, तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा, इंग्रजीत ‘KYM’ लिहून पुढे तो क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा निघाला तर ग्राहक आयोग राहिला बाजूला, पोलिसांना उत्तरं देत बसावं लागेल; बिलाशिवाय, निम्म्या किमतीत घेतलेल्या फोनबद्दल ‘मला काय ठाऊक’ हे उत्तर फार टिकत नाही.