व्हीएस कोड या कोड एडिटरमधून दूरच्या सर्व्हरवर काम करते, तेव्हा त्याच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पॉवरलाइनच्या, म्हणजे आज्ञेची ओळ सजवणाऱ्या साधनाच्या, बाणांऐवजी चौकोन दिसतात. सर्व्हरवर फॉन्ट टाकला तरी फरक नाही. काय करू?

सर्व्हरवर टाकलेला फॉन्ट काढून टाका, तिथे त्याचा काही उपयोग नाही. सर्व्हर फक्त अक्षरांचे क्रमांक पाठवतो, त्यांना आकार देतो तुमच्यासमोरचा लॅपटॉप. फॉन्ट लॅपटॉपवर हवा.

हे मी ऑफिसात नाही, नाशिकच्या मेन रोडवर शिकले. तिथे वडिलांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिकेचं मॅटर कंपोज करून फ्लॉपी प्रेसला जायची. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, त्यामुळे प्रेसच्या मशीनवर तोच फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. एकदा पंचवटीतल्या प्रेसचा रात्री फोन आला. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून, फॉन्टची फ्लॉपी हातात घट्ट धरून मी गेले होते. तेव्हा मी सहावीत होते. पुढे फाइलबरोबर फॉन्ट दिल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर पडलं नाही.

पॉवरलाइनचं तेच आहे. त्याचा भरीव बाण युनिकोडच्या खासगी पट्ट्यात ई०बी० या क्रमांकावर आहे. हा पट्टा ज्याने त्याने आपली चिन्हं बसवावीत म्हणून मोकळा सोडलेला, त्यामुळे साध्या फॉन्टमध्ये तिथे सहसा काहीच नसतं.

सातपूरच्या एका कंपनीत मी हेच सांगितलं तेव्हा आमचे टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाले, "हे डीटीपीचं दुकान नाही." दोन दिवस माझ्याकडून सर्व्हरवर फॉन्ट टाकून घेतले, लोकेल, म्हणजे सर्व्हरची भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग, बदलून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी माझ्या लॅपटॉपवर मेस्लोचा नर्ड फॉन्ट (अशी जादा चिन्हं घातलेला मेस्लो फॉन्ट) टाकला, सेटिंगमधली एक ओळ बदलली आणि बाण आले. दुकानाबद्दलचं ते वाक्य मात्र त्यांनी कधी मागे घेतलं नाही.

ती ओळ म्हणजे टर्मिनल, इंटिग्रेटेड, फॉन्ट फॅमिली. ती रिकामी असेल तर टर्मिनल एडिटरचाच फॉन्ट घेतं. तिथे फाइलचं नाही, फॉन्ट फॅमिलीचं नाव लिहायचं, हुबेहूब. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर फॉन्ट विंडोजमध्ये टाका. मग व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा.

बाण आले पण बाकीची काही चिन्हं चौकोनच राहिली, तर तुमची थीम, म्हणजे प्रॉम्प्टची सजावट, जुनी असू शकते. नर्ड फॉन्ट्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, मटेरियल डिझाइनच्या चिन्हांचे क्रमांक बदलले.

आणि लोकेलचा दोष कधीच नसतो असंही नाही. ते यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं पाठवायची नेहमीची पद्धत) नसेल तर प्रश्नचिन्हं किंवा एका बाणाच्या जागी दोन-तीन भलतीच अक्षरं दिसतात. तुम्हाला चौकोन दिसतोय, म्हणजे क्रमांक नीट पोचलाय. तुमच्याकडे कुणी लोकेलवर अडून बसलं असेल तर त्यांना तो चौकोन दाखवा.