हार्वर्डच्या तीन क्वायरांचा कार्यक्रम: नेमकं काय ऐकायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी हार्वर्डला पहिल्या वर्षाला आहे, तिथल्या रॅडक्लिफ कोरल सोसायटीत तिची निवड झाली आहे, ऑक्टोबरात तुम्ही दोघं पुण्याहून येताय आणि त्याच आठवड्यात सँडर्स थिएटरमध्ये विद्यापीठाचे तीन क्वायर, म्हणजे गायनसंघ, एकत्र गाणार आहेत. तुम्ही सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं बसणारी मंडळी, पण यूट्यूबवर हे गाणं लावलं की चार जण एकाच वेळी वेगवेगळं गातायत असं वाटतं आणि धरायला काही सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यातच ख्याल शिकले, आता बॉस्टनजवळ राहते आणि गावच्या क्वायरमध्ये अल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची ओळ, गाते. तुमची अडचण मला नीट कळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते आणि बाकीचं विसरलात तरी हे विसरू नका: खालचा आवाज धरा. आपला कान सवयीने सगळ्यात वरच्या चालीकडे जातो. ती सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या मुली, गातात. ती चाल बऱ्याचदा साधी असते, कधी कधी तर चार-चार मात्रा एकाच स्वरावर उभी असते. मग आपल्याला वाटतं, यात घडतंय काय? घडतं ते खाली, बास गाणाऱ्या मुलांकडे. आपल्याकडे तंबोऱ्याने सा एकदा दिला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. इथे तो सतत हलतो. समजा वर सोप्रानो सा धरून उभ्या आहेत. बासही सावर असेल तर तो सा आहे. बास मध्यमावर गेला की तोच सा पंचमासारखा ऐकू येतो. बास कोमल धैवतावर गेला की तोच सा शुद्ध गंधार होऊन उजळतो. वरच्या मुलींनी काहीच केलेलं नसतं, तरी स्वराचा चेहरा बदलतो. तुम्हाला मूर्च्छना माहीत आहे, सा हलवला की त्याच स्वरांतून दुसरा राग दिसतो. क्वायरमध्ये हा प्रकार दर दोन-तीन मात्रांना होत असतो. एकदा हे कानाला लागलं की 'सगळे वेगवेगळं गातायत' ही भावना आपोआप जाते.

यासाठी घरी एक सराव करा. रँडल थॉम्सन या अमेरिकन संगीतकाराचं 'अलेलुया' लावा. पाच-सहा मिनिटांचं आहे, साथीला वाद्य नाही आणि शब्द जवळजवळ एकच. तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो, शेवटी फक्त 'आमेन'. शब्दांकडे लक्ष द्यायचंच नसल्यामुळे कान मोकळा राहतो. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त बासच्या मागे जा, वरचं काहीही होऊ दे. तिसऱ्यांदा दोन्ही टोकं एकदम ऐका. रागसंगीत ऐकणाऱ्या माणसाला तीन वेळा पुरे होतात.

या रचनेची हकिगतही सांगण्यासारखी आहे. 1940 साली मॅसॅच्युसेट्समध्येच, टँगलवूडला, नवं संगीत केंद्र सुरू होणार होतं. उद्घाटनासाठी काहीतरी जल्लोषाचं हवं होतं आणि ते काम थॉम्सनकडे आलं. त्याच वर्षी जून महिन्यात फ्रान्स हिटलरच्या जर्मनीपुढे पडला. त्याच्याकडून जल्लोष काही लिहवेना. त्याने संथ, आर्त असं हे गाणं लिहिलं. छापील प्रती कार्यक्रमाच्या अगदी तोंडावर पोचल्या आणि हार्वर्डचेच क्वायर बसवणाऱ्या वुडवर्थ यांनी जमलेल्या विद्यार्थ्यांकडून ते थोडक्या वेळात बसवून घेतलं. म्हणजे शब्द आनंदाचा आणि सूर दुःखाचा. पुढे हार्वर्डमध्ये शिकवायला आलेला हाच थॉम्सन विद्यार्थी असताना तिथल्या ग्ली क्लब या मुलांच्या क्वायरच्या ऑडिशनमध्ये नापास झाला होता. तुमच्या मुलीच्या मैत्रिणींपैकी कोणाची निवड झाली नसेल, तर तिला हे आवर्जून सांगा.

आता त्या संध्याकाळचे तीन क्वायर. ग्ली क्लब 1858 चा, अमेरिकेतल्या कॉलेजांमधला सगळ्यात जुना गायनसंघ म्हणून ओळखला जातो. सगळे खालचे आवाज, बास आणि त्याच्या वरचा टेनर. सुरुवातीची कित्येक दशकं ही मुलं बँजो-मँडोलिनच्या मंडळींबरोबर हलकीफुलकी कॉलेजगीतं गायची. 1910 नंतर आर्चिबाल्ड डेव्हिसन यांच्या हाती हा क्लब आला आणि त्यांनी पॅलेस्ट्रिना, बाख अशा जुन्या युरोपीय संगीतकारांचं गंभीर संगीत मुलांकडून गाऊन घ्यायला सुरुवात केली. त्यावरून कुरबूर झाली, पण ते मागे हटले नाहीत. 1921 मध्ये हा क्लब युरोपच्या दौऱ्यावर गेला. आज अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये मुलं इतकं कसदार संगीत गातात, त्यात डेव्हिसन यांच्या हट्टाचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

रॅडक्लिफ कोरल सोसायटी 1899 ची. रॅडक्लिफ हे तेव्हाचं शेजारचं मुलींचं कॉलेज. इथे सगळे वरचे आवाज, सोप्रानो आणि अल्टो. तुमची मुलगी यांच्यात. तिसरा कॉलेजियम म्युझिकम, 1971 चा, म्हणजे दोन्ही कॉलेजांतली मुलंमुली एकत्र राहू-शिकू लागली त्या काळातला. यात चारही आवाज आहेत.

तिघांचा ध्वनी वेगळा असतो आणि तो फरक ऐकणं हा माझ्या दृष्टीने अशा संध्याकाळचा खरा आनंद. ग्ली क्लबमध्ये चारही ओळी, दोन टेनरच्या आणि दोन बासच्या, खालच्या पट्टीत, एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे आवाज दाट येतो. रॅडक्लिफच्या वेळी खालचा आधारच नसतो. मग 'बास धरा' कसं करायचं? तिथे दुसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, अल्टोंना धरा, त्याच तिथल्या बास. हे सूर पारदर्शक असतात, एखादीचा स्वर केसभर जरी सरकला तरी लगेच कळतं. मुलींच्या क्वायरला अनेकदा 'गोड' म्हणून सोडून देतात, ते मला मुळीच पटत नाही. त्यांचं काम सगळ्यात अवघड असतं. कॉलेजियम आला की खालून वरपर्यंत सगळा अवकाश उघडतो.

आता तुमच्यासारख्या कानालाच जास्त सापडेल अशी एक गोष्ट. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे कोणी न छेडता उमटणारा, गंधार ऐकू येतो. तो गंधार पियानोवरच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. पियानोला बारा पट्ट्या सारख्या वाटून घ्याव्या लागतात, त्यामुळे त्याचा गंधार चढा. पण वाद्याशिवाय गाणारा चांगला क्वायर हळूहळू पियानो सोडून त्या स्वयंभू गंधाराकडे सरकतो. आमच्या तालमीत हे असं चालतं: कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातांच्या खुणांनी क्वायर चालवणारे, बासना सा देतात, टेनरना प, आणि तो नुसता धरून ठेवायला सांगतात. सा-प स्थिर झाले की अल्टोंनी मध्ये गंधार ठेवायचा. पहिल्या फटक्यात आम्ही पियानोचाच गंधार लावतो. मग कंडक्टर तळहात खाली करून खूण करतात, अजून थोडा, अजून थोडा. एका क्षणी खरखर थांबते आणि सगळ्यांच्या डोक्यावर, कोणीच गात नसलेला एक वरचा स्वर घुमायला लागतो. जुळलेल्या तंबोऱ्याजवळ कान नेल्यावर जे होतं, तेच. गाण्याच्या शेवटी सगळे लांब स्वरावर थांबतात ना, तेव्हा हा गंधार शोधा. तो तुम्हाला इथल्या कित्येक श्रोत्यांच्या आधी सापडेल.

वाद्य नसेल तेव्हा सूर द्यायला छोटी पिच पाइप किंवा ट्यूनिंग फोर्क वापरतात. कधी मुलं तोंडातल्या तोंडात स्वर गुणगुणतात, तेही जवळून दिसतं. लांब स्वर न तुटता चालू राहतो, कारण सगळे वेगवेगळ्या वेळी श्वास घेतात आणि शेजारीण श्वास घेत असताना आपण थांबायचं नाही हे आधी ठरलेलं असतं. तोंडांकडे पाहा. 'ऊ' म्हणताना सगळ्यांचे ओठ एकाच आकाराचे दिसले तर समजा, तालीम कसून झालीय. आवाज एकजीव होतो तो मुख्यतः स्वरवर्ण जुळल्यामुळे.

कार्यक्रमात लॅटिन, जर्मन काहीही असू शकतं. दारात मिळणाऱ्या पुस्तिकेत भाषांतरं असतात. ती सुरू होण्याआधीच वाचून काढा, गाणं चालू असताना पानं उलटू नका. शेवटाकडे बहुधा एखादं स्पिरिच्युअल येतं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांची भक्तिगीतं. ती सभागृहात आणली तीसुद्धा एका विद्यापीठाच्या क्वायरने. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गुलामगिरीतून सुटलेली मुलं शिकत होती, संस्था बंद पडायच्या बेतात होती. 1871 मध्ये तिथले मोजके विद्यार्थी गात-गात पैसे गोळा करायला बाहेर पडले. फिस्क ज्युबिली सिंगर्स ते हेच. 1873 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीसमोर गायलं आणि जमवलेल्या पैशांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉलची इमारत आजही आहे. टाळ्यांच्या ठेक्यावरचं शेवटचं गंमतगाणं म्हणून ही गाणी ऐकली जातात, त्याचं मला वाईट वाटतं. त्यांचा अर्थ नीट वाचून ऐका.

दाद देण्याचं मात्र आपल्यापेक्षा अगदी वेगळं. मध्येच 'वा' नाही, मान हलवलेली चालते. पुस्तिकेत दोन-तीन गाणी एका गटात छापली असतील तर टाळ्या गट संपल्यावर. खात्री नसेल तर कंडक्टरच्या हातांकडे बघा. स्वर थांबला तरी हात वर असतील तोवर गाणं चालू आहे. हात खाली आले की मनसोक्त टाळ्या.

सँडर्समध्ये पुढची रांग पकडू नका. पुढे बसलं की समोरच्या पाच-सहा जणींचे सुटे आवाज ऐकू येतात, मिश्रण ऐकू येत नाही. मुलगी जवळून दिसावी असं वाटणारच, पण मध्यावर किंवा वरच्या गॅलरीत बसा. हजारेक माणसांचं, सगळं लाकडी, अर्धवर्तुळाकार थिएटर आहे, मागूनही चेहरे दिसतात. बाकं लाकडी आहेत, पाठीचा त्रास असेल तर शाल घडी करून घ्या. दगडी चर्चसारखा इथे आवाज फार वेळ घुमत राहत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी ऐकायला ही जागा उत्तम. थोडं लवकर या. थिएटर ज्या मेमोरियल हॉलमध्ये आहे, तिथल्या उंच मार्गिकेत अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढताना मेलेल्या हार्वर्डच्या मुलांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत. तुमच्या मुलीच्याच वयाची कितीतरी. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही. रेड लाइन मेट्रोने हार्वर्ड स्टेशनला उतरून चालत या.

आणि तुमच्या यजमानांची काळजी, की ती कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेलीय, गाण्यात वेळ जाईल. या क्वायरांमध्ये संगीत हा मुख्य विषय घेतलेली मुलं थोडीच असतात, बाकी गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्रवाली. तालमी आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी होतात. तालीम चुकवली तर सगळ्या अल्टोंचं अडतं, हे त्या मुलांना पक्कं माहीत असतं, म्हणून अभ्यास आधी उरकायची सवय लागते. शिवाय पहिल्याच वर्षी घरापासून इतक्या लांब असताना तिला ओळखणारी, वाट बघणारी माणसं मिळतात. तिला सोडायला सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती.

कार्यक्रम झाला की मुलं त्याच मार्गिकेत येऊन आईवडिलांना भेटतात. तिला तुम्ही 'तू कोणती ओळ गातेस' असं विचारा, पहिली अल्टो की दुसरी, आणि ती ओळ एकटीने म्हणून दाखवायला सांगा. ती चाल एकटीच ऐकली तर काहीच अर्थ लागत नाही, हे तिच्याच तोंडून ऐकलंत की पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही आधी अल्टो शोधाल.