साखर स्वादुपिंड सांभाळतं, मग त्यात मेंदूचं काम काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. साखर नियंत्रणात ठेवणं हे स्वादुपिंडाचं काम असेल, तर त्यात मेंदूचा संबंध कुठे येतो? आणि ऑफिसात वादावादी झाली की पोटात काही नसतानाही तुमची शुगर वाढलेली कशी दिसते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही मीटरवर शंका घेतली आहे. मीटर बिघडलेलं असेलच असं नाही. न खाताही शुगर वाढते, आणि ती वाढवण्याचा हुकूम मेंदूकडूनच सुटतो.

मी डॉक्टर नाही. मला २२ वर्षांपासून टाइप १ मधुमेह आहे आणि मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की हा विषय मुळापासून समजून घेणं भाग पडलं. तो प्रसंग पुढे सांगतोच, पण आधी एक छोटा हिशेब करू.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर ९० असेल तर १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. चहाचा एक लहान चमचा भरेल एवढंच. आता मेंदूचा खर्च पाहा. दिवसाला त्याला सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, तासाला जवळपास ५ ग्रॅम. यकृताने मागून भर घातली नाही, तर रक्तात आहे तेवढी साखर एकटा मेंदू तासाभरात संपवेल. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेले असताना एकूण ऊर्जेतली २० टक्क्यांच्या आसपास तोच घेतो. शिवाय त्याच्याकडे स्वतःचा साठा जवळजवळ नाही. स्नायू चरबीवर भागवू शकतात, मेंदूला ते जमत नाही. बरेच दिवस उपास घडला तर तो यकृताने चरबीपासून बनवलेल्या कीटोन नावाच्या इंधनावर निभावतो, पण ती सोय तासाभरात होत नाही. ज्याच्याकडे साठवण नाही, त्याला पुरवठ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावंच लागतं.

हे लक्ष ठेवणाऱ्या पेशी मुख्यतः हायपोथॅलॅमसमध्ये असतात. मेंदूच्या तळाशी असलेला हा भाग बदामाएवढा आहे. त्यातल्या काही पेशी रक्तातली साखर वाढली की जास्त संदेश सोडतात, तर काही नेमक्या साखर घटली की जाग्या होतात. १९६४ साली दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद यांच्या गटाने आणि जपानमध्ये युताका ओमुरा यांच्या गटाने प्राण्यांच्या हायपोथॅलॅमसमधल्या एकेका पेशीची विद्युत हालचाल मोजून हे दाखवलं. यातल्या काही पेशींमधलं साखर ओळखण्याचं यंत्र स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींसारखंच आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. मेंदूच्या देठात आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही असे पहारेकरी आहेत, त्यांच्या खबरा नसांमार्फत वर पोचतात.

साखर उतरू लागली की निरोगी शरीरात काय होतं ते क्रमाने पाहा. ८० च्या आसपास स्वादुपिंड इन्सुलिनचा हात आखडता घेतं. ६५ ते ७० दरम्यान ग्लुकॅगॉन (स्वादुपिंडातलंच, पण साखर वाढवणारं हॉर्मोन) आणि अॅड्रिनॅलिन वाढतात, आणि यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून साखर रक्तात सोडू लागतं. त्याहून खाली गेलं की थरथर, घाम, धडधड, कडकडून भूक. ५० च्या खाली मेंदूचंच काम अडखळतं. यात इन्सुलिन कमी करणं स्वादुपिंड स्वतःच्या बुद्धीने करतं. अॅड्रिनॅलिनचं तसं नाही. हायपोथॅलॅमसचा निरोप मज्जारज्जूतून मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीपर्यंत पोचतो तेव्हा ते सुटतं. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन ही साखर वाढवणारी आणखी दोन हॉर्मोन्स मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या वाटेने येतात, त्यांचा परिणाम सावकाश होतो पण बराच वेळ टिकतो.

तुमच्या ऑफिसातल्या वादाचं उत्तर इथेच आहे. भांडण असो, भीती असो, ताप असो, मेंदू हीच यंत्रणा सुरू करतो, मग साखर कमी असो वा नसो. पळायची किंवा झुंजायची वेळ आली तर इंधन तयार हवं, एवढंच त्याला कळतं. अॅड्रिनॅलिन इन्सुलिनलाही दाबतं. मधुमेह नसलेल्याचं स्वादुपिंड ही वाढ थोड्या वेळात निस्तरतं, आपल्याला ते जमत नाही, म्हणून आकडा मीटरवर दिसतो. मेंदू आणि साखरेचं हे नातं पहिल्यांदा दिसलं ते इन्सुलिनच्या शोधाच्या सत्तर वर्षं आधी. १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या देठात एका ठरावीक जागी सुई टोचली आणि थोड्याच वेळात त्याच्या लघवीत साखर उतरली.

म्हणून मेंदूच सगळं चालवतो असं मात्र समजू नका. रोजचं, घासागणिक होणारं नियंत्रण स्वादुपिंडाचंच. त्यातल्या पेशी दुसऱ्याच्या यकृतात रोपण केल्या, जुन्या नसा तुटल्या, तरी त्या इन्सुलिन सोडतात. अन्नाच्या नुसत्या वासाने, चवीने मेंदू व्हेगस नसेतून थोडं इन्सुलिन आधीच सोडायला लावतो, पण ते प्रमाण लहान असतं. मेंदूचं खरं मोल कळतं ते साखर खाली जाताना.

आता माझा प्रसंग. टाइप १ मध्ये इन्सुलिन बाहेरून टोचलेलं असतं, ते गरज पाहून कमी होत नाही. काही वर्षांत साखर उतरल्यावर वाढणारं ग्लुकॅगॉनही बहुतेकांचं साथ सोडतं. उरतं ते फक्त मेंदूने सोडवलेलं अॅड्रिनॅलिन. मी आकडे सुंदर ठेवायच्या नादात आठवड्यातून तीन-चार वेळा ६० च्या खाली जात होतो आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. एका सकाळी शर्ट घालताना बायकोने हाक मारली, "अहो, काय करताय?" मी एकच बटण लावत होतो, काढत होतो, पुन्हा लावत होतो. हात स्थिर होते, घामाचा थेंब नव्हता. तिने माझं बोट धरून टोचलं, तर आकडा ४४. ग्लुकोजचं पाणी तिनेच पाजलं. ती सकाळ मला अजून नीट आठवत नाही, हे सगळं तिच्याकडून ऐकलेलं आहे.

वारंवार साखर उतरली की मेंदू त्या कमी पातळीला सरावतो आणि धोक्याची घंटा अधिकाधिक उशिरा वाजवतो. माझी तर वाजेनाशीच झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं की काही आठवडे एकदाही साखर उतरू द्यायची नाही, मग ही जाणीव बऱ्याच जणांची परत येते. इन्सुलिनचे डोस कमी केले, दंडावर सेन्सर लावला, त्याचा अलार्म ८५ वर ठेवला. शुगर १८०-२०० दिसायची आणि मला ते सहन व्हायचं नाही, पण नेटाने तसंच चालू ठेवलं.

तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि हल्ली शुगर लो झाल्याचं कळत नसेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तेही सांगा. त्याने थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र सुटतो. स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

माझ्या बाबतीत चौथ्या आठवड्यात, दुपारी, लिहिता लिहिता पेन हलायला लागलं. मानेवर घाम आला, छाती धडधडली. बोट टोचून पाहिलं, ६४. ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि बायकोला फोन केला, की हात थरथरतायत.