वाचकांचे प्रश्न: हातउसने, सोनं आणि बहिणीचा वाटा

या खेपेच्या पत्रांत नमाज-रोज्यापेक्षा पैशाचे आणि घरातले प्रश्न जास्त आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि मराठवाडा-विदर्भातले बहुतांशी हनफी. या धर्मनियमांच्या दोन शाखा. त्यामुळे काही ठिकाणी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं येतील. जिथे कुरआनाचा थेट आदेश आहे तिथे आयत दिली आहे, जिथे फकिहांमध्ये (धर्मनियमांच्या जाणकारांमध्ये) फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

मेहुण्याला दुकानासाठी दीड लाख हातउसने द्यायचे आहेत. कागद मागितला तर त्याला आणि बायकोला, दोघांनाही वाईट वाटेल. तोंडी दिले तर चालेल का? (वाचक, मिरज)

चालेल, पण तसे देऊ नका. बहुतेक फकिहांच्या मते कर्ज लिहून ठेवणं फर्ज (सक्तीचं) नाही, मुस्तहब (केलं तर चांगलं) आहे. तोंडी कर्जही कर्जच असतं. तरी ज्या आयतीत हे लिहायला सांगितलं आहे ती, म्हणजे सूरह बकराची 282 वी, अख्ख्या कुरआनात सगळ्यात लांब आयत आहे. मदिनेत छापल्या जाणाऱ्या 15 ओळींच्या प्रतीत ती एकटी पूर्ण पान घेते. व्यवहाराच्या कागदाला एवढी जागा मिळाली आहे, ती उगीच नव्हे.

त्या आयतीतली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मजकूर कोणी सांगायचा? पैसे देणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं. ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं आणि त्यातलं काही कमी करू नये. त्याला ते जमत नसेल, तो अजाण किंवा दुबळा असेल, तर त्याच्या पालकानं सांगावं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सावकार लिहून आणतो आणि कर्जदार न वाचता सही करतो. तुम्ही मेहुण्याला "या कागदावर सही कर" म्हणू नका. "तू सांग, मी लिहितो" म्हणा. निम्मा अवघडलेपणा तिथेच जाईल. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असंही आयतीत आहे आणि कारणही दिलं आहे: म्हणजे मनात शंका राहत नाही. हातोहात रोखीचा व्यवहार तेवढा न लिहिता चालतो.

कागद साधाच पुरे. तारीख, दोघांची पूर्ण नावं, रक्कम आकड्यात आणि अक्षरी, पैसे कसे दिले ते आणि परतीची तारीख. गाडी बहुधा या शेवटच्या मुद्द्यावर अडते. "जमेल तसे देईन", "भात विकलं की देतो" याला मुदत म्हणत नाहीत. आयतीत ठरलेली, नाव घेऊन सांगितलेली मुदत असा शब्द आहे, म्हणून "31 मार्च" असं लिहा. हप्ते ठरले असतील तर प्रत्येक हप्त्याची तारीख घाला. साक्षीदार दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन स्त्रिया. दोन प्रती करा, दोघांकडे एकेक. पैसे बँकेतून द्या, कारण 20,000 किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. उसन्या पैशाचा दावा लावण्याची मुदत साधारण 3 वर्षांची असते, तेही ध्यानात असू द्या.

दीड लाखावर एक रुपयाही जादा ठरवायचा नाही. "व्याज नको, पण माझं सामान तुझ्या दुकानात फुकट ठेव" ही अटसुद्धा सूदच, म्हणजे व्याजच. मात्र मेहुण्यानं काही न ठरवता आपल्या खुशीनं चांगली परतफेड केली तर घ्यायला हरकत नाही, पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः उसन्या घेतलेल्या उंटाच्या बदल्यात त्याहून चांगला उंट परत केला होता. आणि 31 मार्चला त्याच्याकडे खरंच पैसे नसतील तर आयत 280 पाहा: अडचणीत असलेल्याला हात मोकळा होईपर्यंत सवड द्या, माफ केलंत तर अधिक चांगलं. सवड दिली की त्याच कागदाखाली नवी तारीख लिहा. सवड दिली म्हणजे देणं विसरलो असं होत नाही.

मिठाईच्या दुकानात खोक्यासकट वजन करण्याची जुनी पद्धत आहे. सगळेच करतात. (वाचक, मालेगाव)

मराठीत याला दोन शब्द आहेत: मापात पाप. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच (83:1-3) अशा लोकांच्या नावानं होते. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे. खोकं 60 ग्रॅमचं असेल तर गिऱ्हाईक पेढ्याच्या भावानं पुठ्ठा विकत घेतं, किलोमागे 60 ग्रॅम. खोकं काट्यावर ठेवून आधी शून्य करा, मग पेढे भरा. वैधमापनशास्त्राचे नियमही हेच सांगतात. मागचं काय? ओळखीच्या, बांधलेल्या गिऱ्हाइकांना अंदाजानं भरपाई द्या. बाकीच्यांची रक्कम काढून गरिबांना देऊन टाका, पण ती सदका (पुण्याचं दान) म्हणून नव्हे. ती तुमची नव्हतीच.

लग्नातलं 12 तोळे सोनं माझ्याकडे आहे, अधूनमधून घालते. माहेरी (दापोली) सांगायचे की वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. सासरी म्हणतात, आहे. खरं काय? (वाचक, जालना)

जकात म्हणजे शिल्लक संपत्तीतून दर वर्षी काढायचा सक्तीचा वाटा. दोन्हीकडचे आपापल्या मसलकाप्रमाणे (शाखेप्रमाणे) बरोबर आहेत. शाफईंच्या प्रचलित मतानुसार बाईच्या वापरातल्या, नेहमीच्या प्रमाणातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफींमध्ये आहे. लग्न झालं म्हणून मसलक आपोआप बदलत नाही. तुम्ही नमाज ज्या पद्धतीनं पढता, जकातही त्याच पद्धतीनं काढा. नमाज शाफई, जकातीला जिथे कमी पडेल ते, असं मात्र करू नका. (याउलट कोणी विचारलेलं आमच्या पाहण्यात नाही.) शाफई असूनही दागिने बचत म्हणून कपाटात ठेवले असतील किंवा रिवाजाबाहेर जड असतील तर जकात लागते. नाणी आणि बिस्किटांवर ती सगळ्यांकडे लागतेच.

आता हिशेब. निसाब (जिथून जकात लागू होते ती मर्यादा) साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक तोळ्यात होते. हा जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, म्हणजे सोन्याचा निसाब 87.48 ग्रॅम आणि चांदीचा 612.36 ग्रॅम. सराफाचा आजचा तोळा 10 ग्रॅमचा. त्याच्या मापानं साडेसात तोळे म्हणजे 75 ग्रॅम, निसाबाला साडेबारा ग्रॅम कमी. तुमचे 12 तोळे 120 ग्रॅम होतात, तेव्हा निसाब पार झाला आहे.

दागिन्यांतून खडे, काळे मणी आणि पोकळ दागिन्यातली लाख वजा करा. समजा 4 ग्रॅम गेले. उरले 116. त्याचे अडीच टक्के 2.9 ग्रॅम. दागिने 22 कॅरेटचे असतील तर त्या दिवशीच्या 22 कॅरेटच्या भावानं 2.9 ग्रॅमचे पैसे काढा. घडणावळ धरायची नाही. बिलावरची जुनी किंमतही नाही, आजचा भाव.

हनफींमध्ये सोनं, चांदी आणि शिल्लक रोकड मूल्यानं एकत्र धरतात. त्यामुळे तीन तोळे सोनं आणि बँकेत थोडे हजार असलेली बाईसुद्धा चांदीच्या निसाबात येते. "माझ्याकडे साडेसात तोळे नाहीत" म्हणून वर्षानुवर्षं जकात चुकते ती इथे. नुसतं सोनंच असेल, बाकी काही नसेल, तरच 87.48 चा आकडा लावायचा.

वर्ष हिजरी धरा, 354 दिवसांचं. 1 एप्रिल ते 31 मार्च धरलं तर दर वर्षी 11 दिवस घसरतात आणि 33 वर्षांत एक अख्खी जकात बुडते. जकात दागिन्यांच्या मालकिणीवर असते, नवऱ्यावर नाही. तुमच्या संमतीनं त्यांनी भरली तर चालते. कोणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत आहेत. आईवडील आणि मुलं यांना देता येत नाही. गरजू भाऊ, बहीण, मावशी, काका यांना देता येते. मशिदीच्या बांधकामाला देऊ नका, त्यासाठी वेगळी देणगी काढा.

एकच खोली, सहा माणसं. मुलं मोठी होत आहेत. परवानगी घेऊन आत येण्याचा नियम आमच्यासारख्यांनी कसा पाळायचा? (वाचक, भिवंडी)

सूरह नूरची 58 वी आयत लहान मुलांनाही तीन वेळा विचारून यायला सांगते: फज्रच्या (पहाटेच्या नमाजच्या) आधी, दुपारी कपडे सैल करून पडता तेव्हा आणि ईशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर). मूल वयात आलं की (आयत 59) सगळ्याच वेळा. आयतीत दाराचा उल्लेख नाही, वेळेचा आहे. म्हणून भिंत नसली तरी पडदा चालतो. दोरीवर जाड चादर टाका आणि त्या तीन वेळा पडद्याबाहेरून सलाम करून थांबायची सवय मुलाला सातव्या-आठव्या वर्षीच लावा. थांबणं महत्त्वाचं, सलाम म्हणत म्हणत आत शिरणं म्हणजे विचारणं नव्हे.

दुसऱ्याच्या घरी गेलात तर दारासमोर नाही, बाजूला उभे राहा, म्हणजे दार उघडताच नजर आत जात नाही. तीनदा विचारून उत्तर नाही आलं तर परत फिरा. "आत्ता नको" म्हटलं तर रागावू नका, कारण आयत 28 परत जायलाच सांगते. चाळीत हे कठीण वाटतं. कोणाला सतत फोन करत राहणंही याच हिशेबात बसतं.

वडील वारले. मागे आजी, आई, दोन भाऊ आणि मी. भाऊ म्हणतात, तुझ्या लग्नाला खर्च झाला, हक्कसोडपत्रावर सही कर. (वाचक, परभणी)

सही करू नका. आधी हिशेब मांडा. लग्नाचा खर्च वडिलांनी हयातीत केला, तो वारसाहक्कातून वजा होत नाही. सूरह निसाची 7 वी आयत साफ आहे: पुरुषांना वाटा आहे, स्त्रियांनाही आहे, मालमत्ता थोडी असो वा फार.

क्रम असा. आधी कफन-दफनाचा खर्च. मग वडिलांचं कर्ज. आईचा मेहर (निकाहात ठरलेली, नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) दिला नसेल तर तोही कर्जच, आणि हे बहुतेक घरांत विसरलं जातं. मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत, तीही वारसाच्या नावानं नाही. त्यानंतर आयत 11 आणि 12 प्रमाणे वाटे. मुलं असल्यामुळे आजीला (वडिलांच्या आईला) एक षष्ठांश, आईला एक अष्टमांश. बाकी मुला-मुलींत दोनास एक. समजा 24 लाख उरले. आजीला 4 लाख, आईला 3 लाख, राहिले 17 लाख. त्याचे पाच भाग: प्रत्येक भावाला 6 लाख 80 हजार, तुम्हाला 3 लाख 40 हजार. आजीचा वाटा भाऊ बहुधा धरणारच नाहीत. "तिला आता कशाला" हे वाक्य आम्ही अनेक पत्रांत वाचलं आहे. तिच्या पश्चात तो तिच्या वारसांचा होईल, नातवांचा आपोआप नाही.

हक्क सोडायचाच असेल तर आधी वाटा मोजून तुमच्या हाती येऊ द्या, मग द्यायचा की नाही ते ठरवा. भावांची तोंडं पाहून, ईदला माहेर तुटेल या भीतीनं केलेली सही खुशीची नसते. सातबाऱ्यावरच्या जमिनीसाठी वकिलाला विचारा, कारण 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे. कायदा काय लागेल तो लागो, भावांना आयतीप्रमाणे वाटणी करायला कोणी अडवलेलं नाही.

रागात म्हणालो, "अल्लाहची कसम, भावाच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही." आता जायचं आहे. तीन रोजे ठेवले की झालं ना? (वाचक, अकोला)

नाही झालं. सूरह माइदाच्या 89 व्या आयतीत क्रम आहे. 10 गरिबांना जेवण किंवा 10 गरिबांना कपडे (तिसरा पर्याय गुलाम मुक्त करण्याचा होता), आणि यातलं काहीच परवडत नसेल तरच तीन रोजे. पगारदार माणूस थेट रोज्यांवर उडी मारतो, तिथे कफ्फारा (कसम मोडल्याची भरपाई) फिटत नाही. हनफी पद्धतीत प्रत्येकाला दोन वेळा पोटभर जेवण; एकाच गरजूला 10 दिवस जेवू घातलं तरी चालतं. शाफईंमध्ये 10 वेगळी माणसं लागतात. रोजे ठेवायचीच वेळ आली तर हनफींनी सलग ठेवावेत. "मुलांची शपथ" घेतली असती तर कफ्फारा नव्हता, तौबा होती. कसम फक्त अल्लाहची.

कसम चांगल्या कामाच्या आड आणू नका, असं सूरह बकराची 224 वी आयत सांगते, म्हणून ही मोडायचीच. हनफींमध्ये कसम मोडण्याआधी दिलेला कफ्फारा धरत नाहीत. तेव्हा आधी भावाच्या घरी जाऊन या, मग दहा ताटं वाढा.