‘मी त्या लायकीचा नाही’ ही नम्रता की भीती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तरुणांचा बायबल अभ्यास घ्याल का, असं पाळकांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा "मी त्या लायकीचा नाही" म्हणून तुम्ही अंग काढून घेतलंत. नोकरीच्या मुलाखतीतही स्वतःबद्दल चार चांगले शब्द बोलायचे म्हटले की गर्व केल्यासारखं वाटतं. मग ख्रिस्ती माणसाने नम्रता आणि आत्मविश्वास यांचा मेळ घालायचा तरी कसा?

मी पाळक नाही, बायबल कॉलेजातही शिकलेलो नाही. पण "मी त्या लायकीचा नाही" हे वाक्य मी स्वतः चार वर्षं वापरलंय, त्या जोरावर उत्तर देतो. मला प्रार्थनासभा चालवायला सांगायचे आणि मी नाही म्हणायचो. समोरचा दर वेळी "अहो, असं काय म्हणता, तुम्हाला छान जमेल" म्हणायचा आणि मी संकोचल्यासारखा हसायचो. एकदा मंडळीतल्या एका वडिलांनी (म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकाने; ते वयानेही वडीलच) माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, "खरं आहे, तुम्हाला ते जमायचं नाही" म्हणाले आणि निघून गेले. मला असा काही राग आला की दोन दिवस डोक्यात तेच. माझंच वाक्य त्यांनी मान्य केलं होतं, मग राग कसला? तेव्हा उमगलं की ते वाक्य कुणीतरी खोडून काढावं म्हणूनच मी ते बोलत होतो. कौतुक मागायची ती माझी आडवाट होती. आणि त्याच्याही खाली, चारचौघांत फजिती झाली तर काय, ही साधी भीती.

तुमचंही तसंच असेल असं नाही. पण "नाही जमणार तुम्हाला" असं कुणी तोंडावर म्हटलं तर आत काय होईल, याची कल्पना करून बघा. बरंच कळतं.

या विषयावर बहुतेक जण प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय (ख्रिस्ताने स्वतःला नम्र केलं तो भाग) उघडतात, आणि त्यात चूक काहीच नाही. मला मात्र योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय जास्त उपयोगी पडला, कारण त्यात येशूचा शिष्य पेत्र आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. येशू शिष्यांचे पाय धुतोय. पेत्राची पाळी येते आणि तो म्हणतो, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला केवढं नम्र! मी धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं येशूने सांगताच हा गडी दुसऱ्या टोकाला: मग नुसते पायच कशाला, हात आणि डोकंही धू. आणि त्याच अध्यायात, ३७ व्या वचनात, तोच पेत्र ठणकावून सांगतो की तुझ्यासाठी मी माझा जीव देईन. पुढे कोंबडा आरवायच्या आत त्याने येशूला तीनदा नाकारलं, हे आपण जाणतोच.

खोटी नम्रता आणि खोटा आत्मविश्वास, एकाच माणसाच्या तोंडून, एकाच रात्री. पूर्वी मला वाटायचं की हे दोन उलटे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्यातून थोडं थोडं घ्यायचं. पेत्राकडे बघितल्यापासून वाटतं, आजार एकच आहे. पाय धुवून घेताना आणि जीव द्यायच्या गोष्टी करताना, दोन्ही वेळा तो प्रभूचं ऐकत नाहीये. माझी किंमत काय, माझी ताकद किती, हे मलाच नीट कळतं, असं त्याने धरून ठेवलंय. म्हणून ‘मेळ घालणं’ हा तुमचा शब्द मला जरा खटकला. ज्या दोन गोष्टी मुळात भांडतच नाहीत, त्यांच्यात मेळ कसला घालणार?

त्या भांडत नाहीत याचा पुरावा त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आहे, आणि आपण तो घाईघाईत ओलांडून जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखून येशू भोजनावरून उठला आणि त्याने कमरेला रुमाल बांधला, असं योहान लिहितो. आधी ओळख, मग रुमाल. खोलीतल्या बाकी कुणाला तो बांधावासा वाटला नाही. लूक तर आपल्या शुभवर्तमानात सांगतो की त्या रात्री शिष्यांमध्ये मोठा कोण यावरून वाद झाला. ज्याची जागा पक्की होती तोच खाली वाकू शकला. जे जागेसाठी भांडत होते त्यांची पाठ काही वाकली नाही.

पाय धुऊन परत बसल्यावर येशू काय म्हणतो तेही बघा. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तो आहे. "छे हो, मी कसला गुरू!" असं तो म्हणत नाही. आपल्याकडून तेवढ्यावर दहादा "छे छे" झालं असतं.

तुमच्या नकाराबद्दल बोलायचं तर मोशेची गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात त्याला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र म्हटलंय. पण इस्राएल लोकांना मिसरातून सोडवायला जा, असं देव जळत्या झुडपातून सांगतो तेव्हा हाच माणूस एकामागून एक अडचणी काढतो: मी कोण, तुझं नाव काय सांगू, ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मी जिभेचा जड आहे. चारही अडचणींना देव उत्तर देतो. आणि "तू फार हुशार आहेस रे" अशी समजूत एकदाही घालत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, हेच सांगतो. पाचव्या वेळी मोशे म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तिथे मात्र देवाचा राग पेटतो. (तुमचे अजून दोनच नकार झालेत.)

मुलाखतीचं फार लांबवत नाही. पौल स्वतःला प्रेषितांमध्ये सर्वांत लहान म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात, त्या सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले, असंही लिहितो. तेही मी नव्हे, तर देवाच्या कृपेने, ही जोड देऊन. नम्र दिसावं म्हणून त्याने श्रम खोडून टाकले नाहीत. रोमकरांस १२:३ मध्ये तो सांगतो की स्वतःला वाजवीपेक्षा जास्त समजू नका, समंजसपणे माना. वाजवीपेक्षा कमी समजा असं तिथे कुठे आहे? केलेलं काम जसं आहे तसं सांगणं म्हणजे साक्ष देणंच. फुगवून सांगितलं तर ती खोटी साक्ष, आणि दडवून सांगितलं तरी मला ती फार वेगळी वाटत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. "नम्र राहा" हा उपदेश कोण कुणाला करतोय तेही बघत जा. ज्याच्या हातात अधिकार आहे तो जर दुसऱ्याची तक्रार दाबायला हा शब्द वापरत असेल, तर त्यापुढे मान तुकवायची गरज नाही. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायचा निरोप आला. पौल तिथून हलला नाही. रोमी नागरिकांना उघड मारलंत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं, म्हणाला. त्यांना यावं लागलं.

पुन्हा पेत्राकडे येतो, कारण त्याचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं म्हणणाऱ्या त्याला पुनरुत्थानानंतर येशू विचारतो, यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस का? पेत्राच्या उत्तरातून "यांच्यापेक्षा" गायब आहे. "मी कसली प्रीती करणार, मी तर तुला नाकारलं" असंही तो म्हणत नाही. मी प्रीती करतो हे तुला ठाऊक आहे, एवढंच. स्वतःचं मोजमाप त्याने प्रभूच्या हाती देऊन टाकलंय, आणि बदल्यात लगेच काम मिळतं: माझी कोकरं चार. तरी तो कायमचा सुधारला असं समजू नका. पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीयांबरोबरच्या (म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबरच्या) पंक्तीतून मागे सरला आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं.

तेव्हा पाळकांना हो म्हणा, पण सहा महिन्यांसाठी, आणि तुमच्या चुका स्पष्ट सांगेल असा एक माणूस आधी गाठून ठेवा. मी त्याच वडिलांकडे गेलो होतो. पहिल्या सभेनंतर त्यांनी माझ्या तीन चुका सांगितल्या. दोन मला पटल्या. तिसरीवरून आमचं अजून जमलेलं नाही.