नाना पटोले इतक्यांदा पक्ष बदलूनही निवडून कसे येतात?

प्रश्नात विचारलंय की नाना पटोले काँग्रेस, अपक्ष, भाजप आणि परत काँग्रेस असे फिरले तरी साकोलीचे लोक त्यांनाच कसे निवडून देतात, तिथल्या लोकांना निष्ठेचं काही वाटत नाही का, आणि 2024 ला ते फक्त 208 मतांनी कसे वाचले. वर कोणीतरी उत्तर देऊन ठेवलंय की ग्रामीण मतदार अशिक्षित असतो, त्याला पक्षबिक्ष काही समजत नाही. ते वाचून डोकं सणकलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर सध्या रोवण्याचे दिवस आहेत, लिहायला वेळ कोणाला आहे. मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातला आहे, धान पिकवतो, आणि हा प्रश्न आमच्या घरात 2009 पासून चालू आहे.

कारकीर्द आधी उरकून टाकतो. 1999 आणि 2004 ला लाखांदूरमधून काँग्रेसचे आमदार. मग काँग्रेसशी बिनसलं, 2009 च्या लोकसभेला भंडारा-गोंदियातून अपक्ष उभे राहिले, प्रफुल्ल पटेलांपुढे पडले पण दुसऱ्या नंबरवर राहिले आणि भाजपचा अधिकृत उमेदवार तिसरा गेला. भाजपने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं, त्याच वर्षी विधानसभेला साकोलीतून कमळावर नाना आमदार. (लाखांदूर मतदारसंघ पुनर्रचनेत उडाला होता, अड्याळही उडाला, आमचा तालुका साकोलीत टाकला.) 2014 ला मोदी लाटेत त्याच पटेलांना दीड लाखाच्या आसपास फरकाने पाडून खासदार. डिसेंबर 2017 ला मोदींवरच टीका करून खासदारकीचा राजीनामा, लगेच पुढच्या वर्षी काँग्रेसमध्ये परत. 2019 ला लोकसभेला नागपुरात गडकरींसमोर 2 लाख 16 हजारांनी हरले आणि काही महिन्यांनी साकोलीत भाजपच्या परिणय फुकेंना 6,240 मतांनी हरवून परत आमदार. मग विधानसभा अध्यक्ष, फेब्रुवारी 2021 ला ते सोडून प्रदेशाध्यक्ष, आणि 2024 ला हे 208.

आता निष्ठेचं.

माझे बाबा पंजावाले. आजोबाही पंजावाले, घरात दुसरं चिन्ह माहीतच नव्हतं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, तेही पंजावालेच, पण लाखांदूरच्या दिवसांपासून नानाच्या मागे फिरणारे. नाना कमळात गेले तसे मोठे बाबाही गेले, एका रात्रीत, कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. आमचं अंगण एकच आहे. अंगणाच्या या कोपऱ्यात पंजाचा झेंडा आणि त्या कोपऱ्यात कमळाचा, मधात तुळस. तिथपर्यंत ठीक होतं, बाबा हसायचे सुद्धा.

2009 ला 13 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं, 17 ला दिवाळी, आणि निकाल लागला 22 ला. आमच्याकडे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते हे झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भाच्या) बाहेरच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ आणि रात्री नाटक, आणि नाटकाच्या पोस्टरवर नटांपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त असतात. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, मग विशेष अतिथी, असं खालपर्यंत. मोठे बाबा नाट्यमंडळाचे अध्यक्ष. बाबांचं नाव दरवर्षी विशेष अतिथीत असायचं, कारण वर्गणी ते भारी द्यायचे. त्या वर्षी पोस्टर चिकटलं आणि बाबांचं नाव नाही. त्यांच्या जागी एका अशा माणसाचं नाव जो त्याच महिन्यात कमळात आला होता आणि ज्याने मंडळाला कधी दहा रुपये दिले नव्हते.

बाबा काही बोलले नाहीत. पण आमच्या दोघांच्या बांध्यांना (धानाच्या शेतांना) पाणी एकाच बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, आणि पाट आमच्या बांधीतून जातो. भारी, म्हणजे उशिरा निघणाऱ्या धानाला शेवटचं पाणी लागते त्या दिवसांत बाबांनी पाटाचं तोंड बुजवलं. मोठे बाबा फावडं घेऊन आले, तर बाबा म्हणाले, "पाण्यासाठी अर्ज कर, पाहुण्यांच्या यादीत तुझं नाव बसते का पाहतो." गावातल्या चार लोकांनी मध्यस्थी करून पाणी सोडवलं, पण बोलणं तुटलं ते माझ्या बहिणीच्या लग्नापर्यंत. बायकांनी मात्र हे कधी पाळलं नाही, मोठी आई मागच्या दाराने येऊन आईजवळ बसायचीच, आणि दोघी मिळून दोघा भावांना शिव्या द्यायच्या.

आणि खरी मजा पुढे आहे. नाना पंजात परत आले. 2019 ला विधानसभेच्या आधी मोठे बाबा सकाळी सकाळी आमच्या छपरीत येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुझ्याजवळचे पंजाचे झेंडे दे ना, आमचे आजून आले नाहीत." बाबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "दहा वर्षं कमळ फिरवलं न आता पंजा कोणत्या तोंडाने मांगतेस?" तर मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "मी कुठं फिरलो? मी होतो तितंच आहो. चिन्ह फिरलं."

झेंडे दिले नाहीत बाबांनी. जन्मभर पंजाचं काम केलेला माणूस त्या निवडणुकीत घरात बसून राहिला, आणि मत कोणाला दिलं ते आजपर्यंत आईलाही माहीत नाही.

म्हणून "लोकांना निष्ठेचं काही वाटत नाही का" असं विचारू नका. निष्ठा दोघांचीही होती, एकाची चिन्हावर आणि एकाची माणसावर. गावात मोठ्या बाबांसारखे जास्त असतात एवढंच, आणि त्यात अशिक्षितपणा कुठला? आमदाराचं काम विधानसभेत कायदे करणं आहे हे आम्हीही शाळेत शिकलो. पण धान खरेदी केंद्रावर वजन होऊन महिना झाला आणि पैसे आले नाहीत तर फोन कोणाला करायचा? नागपूरला मेडिकलमध्ये पेशंट नेला आणि बेड नाही तर कोणाला करायचा? जो उचलतो, तेरवीला येतो, मंडईत नाटकाच्या उद्घाटनाला उशिरा का होईना पण येतो, त्याचं नाव लोक लक्षात ठेवतात. मग तो पुढच्या वेळी कोणत्या चिन्हावर आला हे दुसऱ्या नंबरचं. शहरातल्या माणसाचं कोणतंच काम आमदाराजवळ अडत नाही म्हणून त्याला विचारसरणी परवडते.

पण मोठ्या बाबांचं सगळंच बरोबर आहे असंही नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो कारण त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, हे वाचणार आहे आणि त्यांना वाचून दाखवणार आहे. "माणूस पाहून मत पडते, चिन्ह काही नसते" हे ते जिथे तिथे सांगत असतात. मग 2009 ला अपक्ष म्हणून पटेलांना का पाडता आलं नाही? माणूस तोच होता, पटेलही तेच होते. पाच वर्षांनी कमळ हातात आलं, वर मोदी आले, तेव्हाच पाडले ना? आणि 2019 ला तोच माणूस नागपुरात सव्वादोन लाखांच्या जवळपास मतांनी गेला, तिथे कोणी पाहिला माणूस? माणूस चालतो तो आपल्या तीन तालुक्यांत, साकोली, लाखनी, लाखांदूर. त्याच्या पलीकडे चिन्हच चालते. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो तर म्हणतात तू लहान आहेस. माझ्या मुलाच्या दाढीला सुरुवात झाली आहे.

आता 208. दोघांनाही 96 हजारांच्या वर मतं होती, म्हणजे बूथमागे एक मतही फरक पडत नाही. जूनमध्ये लोकसभेला भंडारा-गोंदियात काँग्रेसचे प्रशांत पडोळे 37 हजारांनी निवडून आले होते, राज्यात काँग्रेसचे 13 खासदार आले, सगळे हवेत होते. नोव्हेंबरात त्याच पक्षाचे राज्यभरात 16 आमदार. मधात काय झालं ते गावात राहणाऱ्याला विचारा. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये महिन्याला बायकांच्या खात्यात पडायला लागले, आणि आईला आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या तरी सरकारने थेट पैसे दिले. धानाच्या हेक्टरी 20 हजार बोनसचंही लोकांना आठवत होतं. नाना प्रदेशाध्यक्ष म्हणून राज्यभर फिरून राहिले होते, आणि घरच्या बांधीत तण माजलं. समोरचे अविनाश ब्राह्मणकर स्थानिक माणूस, तेही राष्ट्रवादीतून भाजपात आलेले, म्हणजे पक्ष बदलण्याचा मुद्दा काढणार कोण आणि कोणाविरुद्ध?

मोठे बाबा आता म्हणतात 208 मधलं एक मत त्यांचं, आणि बाबांनी मन मोठं केलं असतं तर 209 झालं असतं. बाबा म्हणतात, "तुले काय माहीत मी कोणाले देल्लो."

माझं स्वतःचं मत विचाराल तर पक्ष बदलणं ही नानांची सर्वात मोठी चूक नव्हतीच. पक्ष सोडताना त्यांनी 2017 ला खासदारकीचा राजीनामा तरी दिला, 2022 ला शिवसेनेचे जे आमदार गुवाहाटीला गेले त्यांनी तेवढंही केलं नाही. (त्या राजीनाम्यापायी 2018 च्या मे महिन्यात पोटनिवडणूक लागली, भर उन्हात यंत्रं बंद पडली, 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं, तो ताप आमच्या वाट्याला आला ते वेगळं.) खरी चूक म्हणजे विधानसभा अध्यक्षपद सोडणं. फेब्रुवारी 2021 पासून ती खुर्ची रिकामी राहिली, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांवर काम ढकललं, आणि जून 2022 ला आमदार फुटले तेव्हा महाविकास आघाडीचा अध्यक्ष खुर्चीवर नव्हता. जुलैमध्ये भाजपचे राहुल नार्वेकर त्या खुर्चीवर बसले आणि पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. अध्यक्ष असते तर सरकार वाचलंच असतं असं मी म्हणत नाही, पण एवढं सोपं गेलं नसतं. भंडारा जिल्ह्याच्या माणसाला एवढी मोठी खुर्ची मिळाली आणि त्याने ती पक्षाच्या पदासाठी सोडली, हे आमच्या बाबांना आणि मोठ्या बाबांना दोघांनाही पटलेलं नाही. त्या एका विषयावर दोघांचं जमते.

तुम्हाला खरंच अभ्यास करायचा असेल तर टीव्हीवरच्या चर्चा सोडा. निवडणूक आयोगाच्या साईटवर उमेदवाराचं शपथपत्र असते, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या साईटवर फॉर्म 20 असते, त्यात केंद्रनिहाय मतं दिलेली असतात, टपाली मतं आणि नोटा वेगळे. जात, जात करून जे लोक उत्तर देतात त्यांना आधी ते उघडायला लावा. जात चालत नाही असं नाही, कुणबी, तेली, पोवार, कोहळी हे तिकीट वाटणारेच मोजतात, पण दोन्ही पक्ष तेच मोजून माणूस उभा करतात तेव्हा निकाल दुसऱ्या कशाने लागतो.

आणि हे सगळं एका गावातून दिसलेलं आहे, तुमसर किंवा भंडाऱ्याचा माणूस वेगळं सांगेल आणि तेही खरं असेल. मी तटस्थ आहे असंही समजू नका, ज्याच्या बापाचं नाव पोस्टरवरून उडालं तो कसा तटस्थ राहील. फॉर्म 20 उघडलात तर लाखांदूर तालुक्यातली केंद्रं वेगळी काढा आणि साकोली-लाखनीकडची वेगळी, 2019 ची आणि 2024 ची शेजारी ठेवा. माझा अंदाज मी इथे लिहीत नाही, मोठे बाबा पुढच्या निवडणुकीपर्यंत तेवढंच धरून बसतील.