आजोबांच्या ट्रंकेत 'विल्किन्सन' लिहिलेली तलवार सापडली, ती किती जुनी आणि कोणाची हे कसं कळेल?

तुम्ही लिहिलंय की पात्यावर विल्किन्सन, पॉल मॉल (हा लंडनमधला रस्ता, कंपनीचा पत्ता) असं काहीतरी पुसट दिसतंय आणि मामा ठामपणे म्हणतात की ती सत्तावनच्या बंडातली आहे. मामांना दुखवू नका, पण आधी एक काम करा, पातं आडवं धरा आणि त्याची पाठ बघा. पाठ म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड. मुठीपासून बोटभर अंतरात बारीक आकडे कोरलेले आहेत का? दिसत नसतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलक्या हाताने घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तसं, कधीकधी डोळ्याला न दिसणारा नंबर कागदावर उठतो.

मी मूळचा खडकीचा, बारा वर्षं झाली बर्मिंगहॅमजवळ राहतोय, नोकरी सॉफ्टवेअरची आणि शनिवार-रविवार जुन्या बाजारांतून ब्रिटिश तलवारी हुडकत फिरणं हे व्यसन (बायकोच्या भाषेत भंगार गोळा करणं). तज्ज्ञ वगैरे नाही, पण फसून फसून थोडंफार कळायला लागलंय.

तर नंबर का बघायचा ते सांगतो. विल्किन्सन म्हणजे तेच, आपले दाढीच्या ब्लेडवाले. मूळचा धंदा बंदुकांचा, १७७२ मध्ये हेन्री नॉक नावाच्या माणसाने सुरू केलेला, मग तो जावयाकडे गेला आणि जावयाच्या मुलाने, म्हणजे हेन्री विल्किन्सनने, तलवारींचं मनावर घेतलं. १८५४ पासून त्यांनी आपल्या चांगल्या पात्यांवर नंबर टाकायला सुरुवात केली आणि प्रत्येक नंबर रजिस्टरमध्ये चढवला, पातं कुठल्या प्रकारचं, किती रुंद, तपासणी कुठल्या तारखेला झाली, आणि बऱ्याच वेळा घेणाऱ्याचं नावसुद्धा. ती रजिस्टरं आजही शिल्लक आहेत. कंपनीने तलवारी बनवणं २००५ मध्ये बंद केलं, पण नंबर शाबूत असेल तर दीडशे वर्षांपूर्वी ती कोणत्या साहेबाने विकत घेतली हे आजही कळू शकतं. दुसऱ्या कुठल्या ब्रिटिश तलवारवाल्याच्या बाबतीत हे सुख इतकं सहज मिळत नाही. आता मामांची परीक्षा: सत्तावनची असेल तर नंबर चार आकडी हवा, १९०० च्या आसपासच्या तलवारीवर तो पस्तीस हजारांच्या पुढे गेलेला असतो. नंबर नसेल तर लगेच नकली समजू नका, कारण १८५४ च्या आधीच्या पात्यांवर नसतो आणि त्यांच्याच स्वस्त मालावरही नसायचा.

पात्यावरच्या मोठ्या अक्षरातल्या नावाला मात्र फार भुलू नका. ब्रिटिश अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या खिशातून घ्यावी लागायची आणि तो ती बहुतेकदा युनिफॉर्म शिवणाऱ्या दुकानातूनच घ्यायचा, मग दुकानदार कुठूनतरी पातं आणून त्यावर स्वतःचं नाव टाकून द्यायचा. ते पातं बर्मिंगहॅमच्या एखाद्या कारखान्यातलं असेल किंवा थेट जर्मनीतल्या झोलिंगेनचं. १८०० च्या आसपास रुंकेल नावाचा व्यापारी झोलिंगेनची इतकी पाती इंग्लंडमध्ये आणत होता की आजही त्या काळातल्या तलवारीच्या पाठीवर त्याचं नाव दिसलं की कोणी दचकत नाही. बर्मिंगहॅमवाल्यांना याचा भयंकर राग. थॉमस गिल त्यातला सगळ्यात तिखट, १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी पात्यांची चाचणी झाली त्यात याची पाती उत्तम टिकली, मग गडी आपल्या पात्यांवर 'कधीही दगा देणार नाही' अशी हमीच कोरायला लागला. मला हा माणूस फार आवडतो, आपल्याकडच्या 'आमची कोठेही शाखा नाही' वाल्यांचा पूर्वज.

शिपायाची तलवार मात्र सरकारी, तिच्यावर नक्षी नाही, मुकुटाखाली अक्षर आणि आकडा असे तपासनीसाचे ठसे असतात, आणि सरकारी मालाचा बाण. बाणाबरोबर आय एस डी असेल तर ती इंडिया स्टोअर डिपार्टमेंटची, म्हणजे खास हिंदुस्थानातल्या फौजेसाठी मागवलेली. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मोलने अशा पुष्कळ बनवल्या, आणि त्या तिकडे भारतात तुम्हाला माझ्यापेक्षा सहज दिसतील.

तुमच्या पात्यावर पॉल मॉलचं नाव कोरलंय म्हणजे बहुतेक अधिकाऱ्याचीच. मुठीच्या जाळीत, म्हणजे हाताला आडोसा देणाऱ्या भागात, राजाची अक्षरं शोधा. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१, त्याने फारसं काही ठरत नाही कारण बाई जवळजवळ चौसष्ट वर्षं गादीवर. ई आर सात, म्हणजे सातवा एडवर्ड, असेल तर १९०१ ते १९१०, मग मामा हरले. आता पायदळाच्या तलवारीपुरतं सांगतो: पितळी जाळी असेल आणि तिचा आतला भाग बिजागरीवर दुमडत असेल तर १८५४ च्या आधीची. पातं सरळसोट, फक्त भोसकायला केल्यासारखं असेल तर १८९२ किंवा नंतरची. आणि स्टीलच्या पत्र्याची भोकं पाडलेली मूठ असून तिची आतली कड खाली वळवलेली असेल तर १८९७ चा नमुना. कड का वळवली माहितीये? आधीच्या कडेला घासून साहेबांचे कोट उसवत होते!

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो असं नाही. पहिली तलवार घेतली ती गंजलेली होती, मी दिवाळीची भांडी घासावीत तशी पॉलिश पेपरने दोन रात्री घासली, आरशासारखी चमकवली, आणि मग एका जुन्या कलेक्टर आजोबांना दाखवली तर ते काही बोललेच नाहीत, नुसतं पाठीवरून बोट फिरवत राहिले. तिथे नंबर होता. शेवटचे दोन आकडे तेवढे उरलेत, ती अजून भिंतीवर आहे, कोणाची ते आता कधीच कळणार नाही.

दुसरी एका जत्रेतल्या दुकानदाराकडून घेतली. मुठीची जाळी पितळी, वेलबुट्टीची, हा रॉयल इंजिनिअर्सचा, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या इंजिनिअरांचा, १८५७ चा नमुना, माझ्या मते ब्रिटिशांनी केलेली सगळ्यात देखणी मूठ. दुकानदार म्हणाला १८७९ च्या झुलू युद्धातून आलेली आहे, आणि त्या गोष्टीचे वेगळे पैसे लावले. नंबर शोधला तर पात्याची तपासणी १८८४ ची! युद्ध संपून पाच वर्षं झालेली. पण रजिस्टरमध्ये नाव होतं, मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुन्या आर्मी लिस्ट, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या याद्या, स्कॅन करून नेटवर फुकट ठेवल्यात त्या चाळत बसलो, दरवर्षीची लिस्ट उघडायची, तेच नाव शोधायचं, बढती कधी, पोस्टिंग कुठे. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्याच्या नावापुढे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स दिसलं, ही पूल-रस्ते बांधणारी पलटण, तिचा तळ खडकीत. म्हणजे आमचीच खडकी. ज्या सॅपर्सच्या भिंतीला लागून मी रोज सायकलवरून शाळेत जायचो तिथे हा माणूस कमरेला हीच तलवार लावून फिरला असणार. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, मग परत आण की इकडे.

धारसुद्धा बघा. अधिकाऱ्यांच्या तलवारींना एरवी धार नसायची, मोहिमेवर निघायचा हुकूम आला की मग लावून घ्यायचे. माझ्या साहेबाच्या पात्याला धार अजिबात नाही, म्हणजे स्वारीने बहुधा पूल आणि रस्तेच बांधले.

आता कृपा करून ती साफ करू नका. चिंच-मीठ नाही, लिंबू नाही, पितळेची पावडर नाही, मुठीवर सोन्याचा मुलामा असतो तो जातो. शिवणाच्या मशीनचं तेल कापडावर घेऊन पातं पुसा, बस. आणि कातडी म्यानात घालून ठेवू नका, कातडं ओल धरतं. खंडेनवमीला पूजा जरूर करा पण ओलं गंध आणि कुंकू पात्यावर ठेवून दोन दिवस विसरू नका, मी असे लाल ठिपके खाल्लेलं एक सुंदर पातं पाहिलंय.

किंमत विचारलीत त्याबद्दल थोडक्यात. तलवार शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर भारतात ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे इथल्या, इंग्लंडमधल्या लिलावांचे आकडे बघून हिशोब करू नका. घरात ठेवायला तुमच्या जिल्ह्यात परवाना लागतो का हे कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या, नुसत्या ऐकीव माहितीवर राहू नका.

आणि फोटो टाका. समोरून काढलेला नको, पाठीचा हवा, मुठीजवळचा, खिडकीशी धरून उजेड तिरका पडेल असा. मुठीलगत पात्यात सोनेरी टिकली बसवलेली असेल आणि तिच्याभोवती सहा टोकांची चांदणी असेल तर तिचाही एक. नंबर वाचता आला की साल मी सांगतो, मामांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा.